मोटारीच्या पोटातलं कुंकू

आमच्या घरातलं सगळ्यात जास्त कुंकू एका मोटारीला लागलं, तेही तिच्या पोटाखाली, जिथे देवसुद्धा वाकून बघणार नाही. सासूबाई होत्या तोवर हे लिहायची सोय नव्हती. आता दुपारी झोप येत नाही आणि वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहिते.

बेटेगावला रस्त्याच्या कडेला आमचं घर. पुढे अंगण, अंगणाला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये माझा नवरा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मला नाव घ्यायचं नव्हतंच, म्हणून मीही मनातल्या मनात मिस्त्रीच म्हणायचे. शेतावरच्या पाणी खेचणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती हे त्यांचं मुख्य काम. तारापूरच्या बाजूला विजेच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तशा रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या, इतक्या की धुळीनं आमची तुळस मातकट झाली. पण त्या लॉऱ्या नुसत्या जायच्या, आमच्या दारात बिघडायच्या नाहीत. सासूबाई ओट्यावर बसून प्रत्येक लॉरीकडे अशा बघायच्या की मला त्या ड्रायव्हरची काळजी वाटायची.

शेवटी घरात ठरलं की दसरा झाला की मिस्त्रींनी सुरतेला मामांकडे जायचं. मामा तिथे गिरणीत होते. ते चिकटवून देणार होते आणि राहायला आपल्याच खोलीतला एक कोपरा देणार होते. कोपऱ्यात बायको मावत नाही, म्हणून बायकोनं बेटेगावला सासूबाईंपाशी राहायचं. हे सासूबाईंनी ठरवलं, मिस्त्रींनी मान हलवली आणि मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी बोलले नसते. मी तेव्हा इतकी लाजाळू होते की कोंबडी हाकलतानाही तोंडातून आवाज निघायचा नाही, नुसता हात हलवायचे. कोंबडी जायची नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. पण सकाळी डोळा उघडल्यापासून त्या बोलायच्या, आणि मिस्त्री घरात असले की त्यातलं निम्मं त्यांच्या वाट्याला जायचं. ते सुरतेला गेले की सगळं मला. शिवाय मला नवरा आवडायचा. हे तेव्हा कुणाला सांगायची पद्धत नव्हती, नवऱ्यालाही नाही.

त्यांची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून काढून, पुसून, भिंतीला लावून ठेवली होती. मी केर काढताना तिच्याभोवतीनं झाडू फिरवायचे, तिला शिवायचे नाही.

अशात ती मोटार आली. बैलगाडीच्या मागे दोरानं बांधून आली आणि आत एक साहेब चाक धरून, समोर बैलांची शेपटं बघत, तोंड गंभीर करून बसला होता. मोटार लाल होती आणि इतकी बुटकी की आमच्या म्हशीला तिच्यावरून पलीकडचं दिसलं असतं. जागा दोनच माणसांची. वर कापडाचं छप्पर, तेही फाटकं. शर्यतीत पळवायची विलायती गाडी म्हणे. साहेबानं ती मुंबईत कुणाकडून तरी जुनी घेतली होती. आतून बाहेर यायला त्याला आधी एक पाय काढावा लागला, मग डोकं, मग दुसरा पाय. मी दाराआडून बघत होते. सुईणीला बोलवावं की काय असं वाटलं.

हा साहेब बांधकामाच्या एका ठेकेदाराकडे इंजिनिअर होता. पुण्याकडचा, बिनलग्नाचा.

"मिस्त्री, मागून घों घों आवाज यायचा," तो म्हणाला. "काल कडाड झालं. आता इंजिन फिरतं, चाकं फिरत नाहीत."

मिस्त्री आडवे होऊन गाडीखाली गेले आणि तिथूनच म्हणाले, "गोळा गेला."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो. इंजिनाचं फिरणं एका लांब दांड्यानं त्याच्यापर्यंत येतं आणि गोळ्यातली दातेरी चाकं ते आडवं वळवून डाव्या-उजव्या चाकांना देतात. त्याचं खरं नाव डिफरन्शल. आमच्या घरात ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गोळा. मिस्त्रींनी खालचं तेल काढलं तेव्हा त्यातून दात पडले, अडकित्त्यानं फोडलेल्या सुपारीसारखे.

"विलायतेहून मागवला तर येईपर्यंत माझी इथून बदली झालेली असेल," साहेब म्हणाला. "जुना कुठे मिळाला तर बसवा. दसऱ्याला ही गाडी आपल्या आपण माझ्या दारात आली, तर आमच्या मोटारशेडमध्ये मिस्त्रीची जागा आहे, ती तुमची. नाही आली तर वरचे लोक त्यांचा माणूस चिकटवायला टपलेच आहेत."

मोटारशेड बोईसरला होती. बोईसर म्हणजे सायकलवर जाऊन संध्याकाळी घरी. दाराआड मी ट्रंकेकडे बघितलं.

त्या गाडीसाठी जुना गोळा मिळवून दिला तो आमच्या म्हावरेवालीनं. ती दांडी गावची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन यायची, ओट्यावर टेकायची आणि मासळीइतकीच बातमी विकायची. ती त्या लाल मोटारीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "काय गो बय, ही मोटार का चप्पल? पायात घालायची का बसायचा हिच्यात?"

"साहेबाची हाय. दात पडलेत तिचे," सासूबाई म्हणाल्या.

"पुढचा ह्यो चांदीचा शिक्का हाय नाय, तसाच आमच्या दांडीच्या वाडीतल्या मोटारीवर हाय. ती मोठी हाय, चार मान्सांची. पन मेलेली. कोंबड्या ऱ्हातात तिच्यात."

मिस्त्री शेडमधून धावत बाहेर आले. त्याच कंपनीची मोठी गाडी म्हणजे आतला गोळा तोच असण्याचा संभव होता. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडी घेऊन दांडीला गेले.

वाडीचा मालक म्हातारा होता आणि गोळा द्यायला एका पायावर तयार होता. पण मोटार टेकूवर चढवली की कोंबड्या बसणार कुठे? तेव्हा आधी खुराडं बांधून द्या, मग गोळा काढा. मिस्त्रींनी माडाच्या झावळ्या आणि बांबू घेऊन असं खुराडं बांधलं की त्यात मीसुद्धा संसार केला असता. कोंबड्या काही जाईनात. ज्या गेल्या त्या परत मोटारीत येऊन बसल्या.

"त्यास्नी मोटारीची सवय," म्हातारा म्हणाला. "आता त्या पायरीनं उतरनाऱ्यातल्या नाय."

शेवटी मिस्त्रींनी मोटारीची मागची गादी उचकटून खुराड्यात नेऊन टाकली. तेव्हा कुठे सगळ्या ओळीनं आत गेल्या. मिस्त्री हे सांगताना हसत नव्हते. त्यांचा अख्खा दिवस त्यात गेला होता.

गोळा गोणपाटात गुंडाळून घरी आला तेव्हा त्याला कोंबडीचा आणि सुक्या बोंबलाचा वास येत होता, कारण परतीच्या गाडीत म्हावरेवालीही पाटी घेऊन बसली होती. मी तो घासलेटनं घासून काढला. आतली दातेरी चाकं धड होती. हातानं फिरवली तर जात्यासारखी गोल गोल, न अडखळता फिरायची. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा पुन्हा फिरवत बसले.

मिस्त्री तो उचलून गाडीखाली न्यायला निघाले तर सासूबाई आडव्या आल्या.

"तसाच? मेलेल्या मोटारीचा काळीज काढून आनलाय, नि तसाच घालतो दुसरीच्या पोटात?"

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरातून आलेली जुनी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय कामाला लावत नाहीत. पाटा-वरवंटा असो, विळी असो, बैल असो. मिस्त्रींनी गोळा तुळशीपुढे पाटावर ठेवला. त्याला एका बाजूनं पोट आणि पुढे नाकाडासारखं तोंड, त्यामुळे पाटावर तो एखाद्या नव्या देवासारखा दिसायला लागला. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी आत येऊन त्याला नमस्कार करून गेली. कुठला देव म्हणून तिनं विचारलंही नाही. सासूबाईंनी तेलात कालवून कुंकवाचा टिळा लावला, चांगला तळहाताएवढा. लोखंडावर तो असा बसला की रंगच वाटावा.

आता मिस्त्रींनी गोळा उचलला आणि गाडीत जसा बसवायचा तसा उलटा केला. कुंकू खाली गेलं.

सासूबाईंनी छातीवर हात मारला. "अरे! कुंकवाचं तोंड जमिनीकडे? पोरीच्या कपाळाचं तरी बघ! मी जिती हाय तोवर नाय व्हायचं!"

पोरीचं कपाळ म्हणजे माझं. मी पदर पुढे ओढला.

"आई, तो तसाच बसतो," मिस्त्री म्हणाले.

"कुनी सांगितला तसाच बसतो? तुझ्या बापानं बसवला होता?"

मिस्त्रींनी तो परत फिरवून धरून बघितला. गोळ्याला कडेनं गोल भोकं होती, सगळी सारख्या अंतरावर. कुंकू वर ठेवूनही ती बरोबर जुळत होती. लॉरीचे गोळे एकाच बाजूनं बसतात, पण हा गोलच्या गोल होता. गोल गोष्टीला वर काय आणि खाली काय, असं ते स्वतःशी पुटपुटले. आईशी वाद घालण्यापेक्षा त्यांना गाडीखाली जाणं नेहमीच सोपं वाटायचं.

गोळा जड होता आणि शेडमध्ये दुसरा माणूस नव्हता. म्हणून मी गाडीखाली गेले. मोटार लाकडाच्या ओंडक्यांवर चढवलेली, खाली गोणपाट, त्यावर आम्ही दोघं उताणी. गोळा मिस्त्रींच्या पोटावर. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर ढकलायचा आणि मी खालून गुडघे लावून तोलायचा, मग त्यांनी नट फिरवायचे. लग्नानंतर आम्ही दोघं भर दिवसा इतकी जवळ कधी नव्हतो, आणि वर ओट्यावर सासूबाई. तेल माझ्या नाकावर पडलं. मिस्त्री हसले. मीही हसले. "काय दात काढताय गो खाली?" असं वरून आलं. आम्ही गप्प झालो आणि गोळा बसला. जरा जास्त वेळ लागला असं सासूबाईंचं म्हणणं होतं. नट बरेच होते.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मोटार ओंडक्यांवरून खाली उतरवली. वार्ता लागल्यासारखी म्हावरेवाली हजर. रस्त्यावर एक लॉरी थांबली आणि तिचा ड्रायव्हर काचेतून डोकं काढून बघत राहिला. सासूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली. मिस्त्री आत शिरले, इंजिन सुरू केलं. त्याचा आवाज असा आला की म्हशीनं दावं ओढलं. त्यांनी पहिला गिअर टाकला.

मोटार मागे गेली.

चार लिंबं न चिरडता ती सरळ मागे गेली आणि पेंढ्याच्या उडवीत बुडली. बाहेर फक्त तिचे दोन डोळे दिसत होते.

"चुकून मागचा गिअर पडला," मिस्त्री आतून ओरडले. पेंढा झटकत त्यांनी पुन्हा नीट बघून गिअरचा दांडा हलवला. मोटार आणखी आत गेली. दुसरा गिअर टाकला तर आणखी जोरात आत. मग त्यांनी मागे जायचा गिअर टाकला, आणि मोटार हळूहळू, सासरी निघालेल्या नवरीसारखी, पुढे अंगणात आली.

म्हावरेवाली पाटीवर हात ठेवून हसत होती. "मिस्त्रीदादा, सायबाला सांगा, सायेब मोटारीत पाठमोरा बसला तर पोचल बराबर!"

लॉरीच्या ड्रायव्हरनं विचारलं, "मिस्त्री, ये गाडी शरमाती है क्या?" आणि शिट्टी मारत निघून गेला. संध्याकाळपर्यंत बोईसरच्या सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर हे पोचणार, हे आम्हाला कळून चुकलं.

मिस्त्री उतरले आणि शेडमध्ये जाऊन जमिनीवर बसले. आपण गाडीचा पुढचा गिअरचा डबाही बिघडवला, असं त्यांना वाटत होतं. सासूबाईंनी दोन वाक्यांत आटपलं, यावरून प्रसंग किती वाईट होता ते समजावं. म्हणाल्या, "जाऊ दे. सुरतेला तरी कुठं उलट्या मोटारी हायेत," आणि घरात जाऊन ट्रंकेत मिस्त्रींचे सदरे घालू लागल्या. मला तो ट्रंकेच्या कडीचा आवाज शेडपर्यंत ऐकू आला.

मी चहा घेऊन गेले तेव्हा मिस्त्रींच्या पुढ्यात साहेबाचा जुना, दात पडलेला गोळा होता. ते एका हातानं त्याचं नाकाड फिरवत होते आणि आतलं मोठं चाक कुठल्या बाजूला फिरतं ते बघत होते. मग त्यांनी गोळा उलटा केला आणि नाकाड तसंच फिरवलं. मोठं चाक आता दुसऱ्या बाजूला आलं होतं आणि उलटं फिरत होतं.

"अगं," ते म्हणाले, "गोळा डोक्यावर उभा आहे. एवढंच झालंय." मग त्यांचा चेहरा पडला. "पण सुलटा केला तर कुंकू खाली."

"पुसू?" मी विचारलं, आणि विचारता विचारता जीभ चावली. कुंकू पुसायचं, तेही सवाष्णीनं, तेही दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सासूबाईंनी ऐकलं असतं तर मला तिथेच गाडीखाली घातलं असतं.

सुलटा करता येत नाही, पुसता येत नाही. मिस्त्री म्हणाले, गुपचूप फिरवतो. पण सासूबाई ओट्यावरून हलणार नव्हत्या आणि बाहेर काढलेला गोळा परत आत जाताना त्या कुंकू शोधणार, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मिस्त्रींनी सांगून बघितलं. आई, असं असं आहे, दातेरी चाकाची बाजू बदलली म्हणून. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हनजे माझ्या कुंकवानं मोटार मागं गेली, असा म्हनतो तू?"

"तसं नाय आई."

"मग कसा?"

मिस्त्रींनी गोळा खाली काढला, परत पाटावर आणून ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. घटस्थापनेचा कलश देवघरात अजून होता. मला तो बसल्या जागेवरून दिसत होता, त्याच्या पोटावर सासूबाईंनीच ओढलेली कुंकवाची बोटं, चारी बाजूंनी.

मी उठले, देवघरातून करंडा आणला, कुंकू तेलात कालवलं आणि गोळ्याला बोटं ओढायला लागले. खाली, डावीकडे, उजवीकडे, नाकाडाच्या दोन्ही अंगांना. गोळा गोल, त्यामुळे काही रेघा वाकड्या आल्या. म्हावरेवाली अजून तिथेच होती, ती बघायला पुढे सरकली.

"काय करते गो?" सासूबाईंनी विचारलं.

आता बोलणं भाग होतं. मी गोळ्याकडे बघूनच बोलले. "कलशाला सगळीकडून लावतो ना, आई. म्हणजे त्याची खालची बाजूच राहत नाही."

सासूबाईंनी गोळ्याभोवती एक फेरी मारली. वाकून खालून बघितलं. मला वाटलं, आता सुरत पक्की.

"कलश म्हनतेस," त्या म्हणाल्या, "मग नारळ कुठं हाय?"

म्हावरेवालीनं पाटीतून नारळ काढून दिला. तिनं तो कुणासाठी आणला होता कोण जाणे, पण त्या दिवसापासून तिच्या मासळीला मी कधी नावं ठेवली नाहीत. नारळ गोळ्यापुढे फुटला. मग आम्ही दोघं पुन्हा गाडीखाली गेलो, पुन्हा उताणी, आणि या वेळी वरून कुणी हाक मारली नाही.

दुपारी मोटार पुढे गेली. चारही लिंबं चिरडून गेली. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून वडापर्यंत आणि परत. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की कलश बसवल्यावर चालली, आधी नुसता टिळा होता.

दसऱ्याला मिस्त्रींनी मोटार पुसली, पुढे झेंडूचं तोरण बांधलं आणि साहेबाच्या दारात न्यायला निघाले. माझ्या मनात होतं की दोन माणसांची जागा आहे. मी वेणी घातली होती. चांगलं लुगडं नेसले होते. तर सासूबाई आपलं जरीकाठाचं लुगडं नेसून बाहेर आल्या, आधी एक पाय घातला, मग डोकं, मग दुसरा पाय, आणि बसल्या. मांडीवर उरलेल्या नारळाची वाटी, साहेबाला प्रसाद म्हणून. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला, कोंबडीला हलवायचे तसा. या वेळी मात्र जायचे ते गेले.

लग्न झाल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदाच एकटी होते. इतकी शांतता की म्हशीचं रवंथ ऐकू यायचं. साहेबानं काय सांगितलं असेल, मोटार वाटेत बसली तर नसेल, पुढे जाता जाता पुन्हा मागे तर फिरली नसेल, या विचारानं मला बसवेना. दुसरी वाटी शिल्लक होती. मी ओट्यावर सासूबाईंच्या जागेवर बसून ती सगळी खाल्ली आणि जाणाऱ्या लॉऱ्यांकडे त्या बघायच्या तशी बघत राहिले.

ऊन कलल्यावर दोघं पायी परत आली, कारण मोटार साहेबाच्या दारात राहिली होती. सासूबाई पुढे, झेंडूचं तोरण हातात. मिस्त्री मागे, चेहऱ्यावरून काहीच कळू न देता. मी उभी राहिले.

सासूबाई ओट्यावर चढल्या, नारळाच्या करवंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ती ट्रंक मोकळी कर," त्या म्हणाल्या. "मला तांदूळ ठेवायचेत."